कुंदनची उडी अन् माह्ये मार्क

...अन् वरून गजेंद्र मलेच म्हणे, "सर, आता तुमीच न्याय करा!" अरे, कायचा न्याय? तुमीच सांगा, मले काय समजते बॅलेतलं? बत्तीस वर्षं अमरावतीच्या शाळेत पी.टी. शिकवली म्या. मल्लखांब इचारा, कोलांट्या इचारा, झोपेतून उठवून इचारा! पण बॅले? मले तं नावबी धड घेता येत नव्हतं, म्या घरी 'बॅलेट' सांगतलं, तं बायकोले वाटलं, रिटायर मानसालेबी इलेक्शनची ड्युटी लागली!

झालं काय, तुमाले सांगतो... माह्या हाताखालून गेलेला गजेंद्र, त्याचा अकोल्यात डान्सचा क्लास हाय. त्यानं भरवली स्पर्धा. अन् सकाळी सात वाजता फोन, "सर, मुंबईचे परीक्षक येऊन नाही राह्यले, तुमी या!" म्हटलं, बापू, मले काय समजते त्यातलं? तं म्हणे, "सर, उड्या हायेत, गिरक्या हायेत, तुमच्याच लाइनीचं हाय!" आता पोट्ट्यानं शाळेत एवढ्या अदबीनं कधी 'सर' म्हटलं नव्हतं... गेलो! मूर्तिजापूरपावतर एका बाईची मेथीची पिशवी मांडीवर घेऊन गेलो!

तिथी दुसऱ्या परीक्षक, पुण्याच्या गीतांजली मॅडम बसलेल्या. मान अशी ताठ, का मीच खुर्चीत सरळ झालो. हातात कागद देला. दोन रकाने, टेक्निक अन् स्टाइल. म्या हळूच इचारलं, तं मॅडम म्हणते, "हे बघा सर, गुडघा ताणलेला आहे का, पाऊल कंबरेपासून बाहेर वळलंय का, उडी मारून खाली कसा येतो, हे टेक्निक. आणि काहीच करत नसताना नुसता उभा कसा राहतो, ती स्टाइल." म्हटलं, मॅडम, नुसतं उभं राहाचे मार्क? माह्या शाळेत नुसतं उभं राह्यल्यावर म्या शिक्षा देत होतो!

बरं, मुलांच्या बॅलेत स्पर्धक किती? दोन! पह्यला नाही तं दुसरा, तिसऱ्याचं झंझटच नाही. पण जो पह्यला येईन, त्याले मॅडमच्या पुण्याच्या वर्गात वर्षभर फुकट शिकाले भेटणार होतं. हे मले तिथी गेल्यावर समजलं. आधी समजलं असतं तं मेथीच्या पिशवीसोबत मूर्तिजापूरलेच उतरलो असतो!

पह्यला आला शिवम. नागपूरच्या मोठ्या क्लासातला. काय सांगू... उडी मारे, खाली ये, आवाजच नाही! जसा चादरीवर कापूस पडला. आधी बोटं, मंग टाच, मंग गुडघा वाके... एकदम बराबर! पण चेहरा? आधार कार्डावरच्या फोटोवानी! हात वर गेला तं वाटे, वर्गात हजेरी देऊन राह्यला.

मंग आला कुंदन. बाळापूरकळचा. त्याचा बाप नत्थुजी झेंडू, शेवंती लावते, अन् हे पोट्टं फुलं ठेवाच्या टिनाच्या शेडमंधी मोबाइलवर पाहून पाहून शिकलं. स्टेजवर आलं अन् नुसतं उभं राह्यलं... मांगं कुरमुऱ्याची पिशवी वाजून राह्यली होती, थेबी बंद झाली! एक हात उचलला त्यानं, हळूहळू, अन् माह्या बाजूच्या मॅडमनं पेन खाली ठेवला. मले काय समजते बॅलेतलं? पण अंगावर काटा आला, थे तं समजते ना?

पण मंग त्यानं उडी मारली. उंच! शिवमच्या दीडपट! अन् खाली आला... धाड्! टाच आधी, गुडघा आतमंधी. दुसरी उडी, धाड्! शेवटची उडी, धाड्, अन् हात टेकला भुईवर. पब्लिकनं टाळ्यायनं हॉल डोक्यावर घेतला. मॅडमचे दोघायले सारखेच मार्क! राह्यला कोण? मी!

पुढच्या रांगेत नत्थुजी, मांडीवर टोपी धरून मलेच पाहून राह्यला. गजेंद्र कानाशी, "सर, गावचं पोरगं हाय... टेक्निकले नऊ देऊन टाका, कोण पाहाते?"

आता तुमाले खरं सांगतो. पेन नवावर टेकला होता. पण मले बंडू आठवला. माह्या शाळेतला, मल्लखांबावरून अशीच उंच उडी टाके, अशीच टाचेवर. म्या दर वेळी मार्क देल्ले, हिंमतीचे! कौतुकाचे! कोणीच कापले नाही, म्हणून त्यानंबी सुधरवलं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्याचा गुडघा गेला, आजबी जिना चढते तं कठड्याले धरून चढते. अन् भेटला का पाया पडते... थे तं अजून जड जाते.

स्टाइलले म्या दहापैकी दहा देल्ले. टेक्निकले चार. शिवमले आधीच नऊ अन् सहा देऊन बसलो होतो. स्टेजवरून मार्क वाचले, कुंदन एका मार्कानं हरला.

हॉलमंधून निंघालो तं मान खाली. मांगून आवाज आला, "गुरुजी!" नत्थुजी. म्हटलं, आता आयकाच लागते. तं मानूस म्हणे, "पोरगं आदळलं, थे म्याबी पाह्यलं. शेडमंधी रोज आयकतो तो आवाज, पण मले वाटे, बॅले असंच असते. चार मार्क कायचे देल्ले, थे सांगा. अन् बाकीचे सहा कोण शिकवते, थेबी सांगा."

मांगं कुंदन उभा. डोळे लाल. म्हणे, "सर, टाच आधी नाही टेकवाची का?" एवढं पोट्टं उडते, अन् त्याले एवढी गोष्ट आजपावतर कोणी सांगतली नव्हती! मॅडमबी आल्या. म्हणे, "पुढच्या वर्षी परत ये. उतरणं तेवढं नीट कर. सर, तुम्हाला येतं हे." म्हटलं, मॅडम, मले काय समजते बॅलेतलं? "बॅले मी बघते," म्हणे, "तुम्ही गुडघे बघा."

झालं! तवापासून दर आयतवारी सकाळच्या गाडीनं बाळापूर. शेडमंधी गोणपाट टाकतो, पोट्ट्याले आधी स्टुलावरून उतरवतो, मंग बाकावरून. अजून धाड् येते. पण दहांतून चार वेळा येत नाही... अन् नाही आली का नत्थुजी फुलं निवडता निवडता हात थांबवते.

परवा बायको म्हणे, "एवढ्या दूर जाऊन शिकवता तरी काय?"

मोठ्या ऐटीत सांगतलं म्या, "वरून खाली उतराले!"

"असं का," म्हणे, "मंग माळ्यावरची लोणच्याची बरणी उतरवा म्हटलं का तुमचे गुडघे कसे दुखतात?"

...उतरवली, बावा. काय करता!