डाव्या बाजूचं मागचं चाक

...आन् वर कानात घालायला बोळं आणा म्हणं! बोळं! तुम्हाला सांगतो, माणसानं शर्यत बघाया जायचं, तिकीट काढून जायचं, एक दिवस आन् एक रात्र रेल्वेत हाडं खिळखिळी करून जायचं, आन् तिथं पोचल्यावर आवाज सोसत न्हाई म्हणून कान बंद करून बसायचं... मग मी घरीच बसतो की कानात बोळं घालून! सरका वो मामा थोडं, टेकू द्या. गाडीला अजून दीड तास हाय. आमच्या मंडळींनी 'गाडी चुकंल, गाडी चुकंल' करून सकाळधरनं दौंडच्या फलाटावर आणून बसवलंय, आन् आता स्वतः पिशव्यांवर डोकं ठेवून झोपल्यात. ऐका, घोरायला बी लागल्या.

मी कोंडिबा, वडगाव रासाईचा. शिरूर तालुक्यात शर्यतीच्या कुठल्याबी घाटावर जावा आन् इचारा, बैलगाड्याला घड्याळ कोण लावतं? कोंडिबा आप्पा. तीस वरसं! खाली गाडा सुटला की बटन, वर निशाणाला लागला की बटन. बारा सेकंद, साडेबारा सेकंद, संपला इषय. सख्ख्या मेव्हण्याचा गाडा पाव सेकंदानं मागं पडला तवा मागंच दाखवला, दोन दिवाळ्या त्यानं आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला न्हाई. मधी सात वरसं शर्यतीवर बंदी हुती, तवा बी मी वक्ताला घड्याळाचा सेल बदलत हुतो. कशाला म्हंजी? उद्या बंदी उठली आन् घड्याळच बंद निघालं तर?

आन् मला... मला सांगत्यात मोटारीची शर्यत बघा! पार मद्रासकडं कुठंतरी माळावर डांबराची वाटोळी सडक केलीया, तिच्यावर त्या एकाच माणसानं बसायच्या गाड्या, पोट जमिनीला घासत चाललेल्या. आन् करायचं काय? चकरा मारायच्या! धा न्हाई, ईस न्हाई, सत्तर चकरा! मी इचारलं, निघाली कुठनं? हितनं. पोचली कुठं? हितंच! आरं मग गेला कशाला बाबा? घाण्याचा बैल बरा, त्याच्या फिरण्यातनं तेल तरी निघतं!

मग चाललाय कशाला, म्हणताय? आवो तेच तर सांगतोय, मधी बोलू नका! आमची समृद्धी हाय तिथं. लेक. एकुलती. न्हाई न्हाई, गाडी चालवत न्हाई... चालवत असती तर चार माणसांत सांगता तरी आलं असतं. ही चाक बदलती! चार चाकांना चार माणसं, आन् हिच्या वाट्याला एकच, डाव्या बाजूचं मागचं. गाडी मधीच थांबती, ही पळत जाती, जुनं चाक काढती, नवं चढवती, गाडी भुर्रकन जाती, हिचं काम संपलं. पुढच्या चाकाला हात लावायचा न्हाई, उजव्याकडं बघायचं बी न्हाई. आरं, चार वरसं पोरगी पुण्याला ठेवली, इंजिनिअर केली, रांजणगावच्या कारखान्यात चांगली चिकटली हुती, एसी हुता, बस फाट्यावर घ्याया यायची... आन् ते सगळं सोडून ही बाई चालली एक चाक बदलाया! भावकीत कुणी इचारलं की मी सांगतो, 'हाफिसात हाय.' कसल्या? 'मोठ्या.' आता काय सांगू, पंक्चरच्या दुकानात हाय, फकस्त दुकान लय लांब हाय म्हणून?

तर दिवाळीला घरी आली तवा मी तोंड उघडलं. कोरेगाव भीमाचं स्थळ आलेलं, पोरगा कंपन्यांना लेबर पुरवतो, हायवेला गाळं हायती, माणसं घरंदाज. समृद्धी सगळं ऐकून घेती, चकली खाती कुडुम कुडुम, आन् शांतपणी म्हणती, 'आप्पा, एकदा येऊन बघा. एकच शर्यत. घड्याळ घेऊन या. बघून झाल्यावर तुम्ही म्हणला ह्यात काय राम न्हाई, तर तिथनंच तुमच्याबरुबर घरी येते आन् कोरेगावला व्हय म्हणते. पर बघून बोलायचं. न बघता न्हाई.'

मी म्हणलं, ठरलं! आवो, जिंकलेलीच पैज की ही! जायचं, बघायचं, तोंड वाकडं करायचं, पोरीला घिऊन यायचं. कोरेगाववाल्यांना फोन बी करून टाकला, म्हणलं आमची एक वारी हाय तिकडची, ती झाली की बैठक धरू. ज्या शर्यतीत निघाली कुठनं तर हितनं आन् पोचली कुठं तर हितंच, तिला नावं ठेवाया काय अक्कल लागती व्हय?

पर तुम्हाला सांगतो, नावं ठेवाया जाणं बी सोपं न्हाई! आपल्याकडं कसं? यात्रा कवा, तर पुनवंला. निघा. घाटाच्या कडंला दगड बघा, बसा. हिनं मोबाइलवर यादी धाडली, वाचता वाचता चष्मा घामेजला माझा. 'आप्पा, शुक्रवारी या.' शर्यत कवा? रविवारी! मग शुक्रवारी काय? 'शुक्रवारी सराव.' आन् शनवारी? 'शनवारी कुणी पुढं उभं राहायचं ते ठरतं.' आरं, निस्तं उभं कुठं राहायचं ते ठरवाया एक अख्खा दिवस? आमच्याकडं डब्यात चिठ्ठ्या टाकत्यात, बारकं पोर हात घालतं, पाच मिनिटांत मोकळं! पुढं वाचा. टोपी आणा. बूट घाला, चप्पल नको. छत्री चालत न्हाई. भायेरचं खाणं चालत न्हाई... हे शेवटचं वाचून दाखवलं आन् आमच्या मंडळी, कस्तुराबाई, कमरंला पदर खोचून उठल्या. 'चालत न्हाई म्हंजी? तीन दिवस माणूस खाणार काय तिथं, डांबर?' ती पिशवी दिसती का, डोक्याखालची? तिच्यात वर चार लुगडी हायती आन् लुगड्यांच्या खाली चाळीस धपाटी. 'लुगड्याला कोण हात लावतंय ते बघते,' म्हणली.

मग बसायचं कुठं? तर ह्यात आला दगडोबा. दगडोबा म्हंजी आमच्या घाटाचा माईक. गाडा सुटायच्या आधीच ह्याचं सुरू, 'याऽऽ याऽऽ आला आला आला, वडगावकरांचा गाडा आलाऽऽ!' घरात बायकोला पाणी मागतो ते बी तसंच. तो म्हणला, 'आप्पा! तिकीट काढून? तुम्ही? पब्लिकमधी?' आन् त्याचं खरं हुतं वो. आपल्याकडं ज्याच्या छातीवर बिल्ला, तो दोरीच्या आत. पब्लिक दोरीच्या भायेर. तीस वरसांत मी दोरीच्या भायेर उभा राहिलेलो न्हाई! दगडोबानं मोबाइलवर शोधून काढलं, तिथं बी स्वयंसेवक घेत्यात. फुकाट. बिल्ला मिळतो, जेवान मिळतं, आन् सडकेच्या अगदी कडंला उभं करत्यात. म्हणलं, भर दोघांची नावं! आपण बिल्ला लावायचा, खुर्ची मागवायची, पोरांना 'ए, मागं व्हा, मागं व्हा' करायचं, चहा येतोच.

चार दिवसांनी पत्र आलं, सोबत दोन तासांची शिकवणी, मोबाइलवर बघायची. पहाटं पाचाला हजर. केशरी डगला, गळ्यापासनं घोट्यापर्यंत एकच, मधी कुठं सोय न्हाई. दिवसभर उभं, उन्हात. खुर्ची न्हाई. सडकेवर कचरा आला तर झाडू आपणच मारायचा. झाडू! दूध सोसायटीचा माजी चेअरमन मी! आन् झेंडं किती? पिवळा, निळा, लाल, हिरवा, पांढरा... आमच्याकडं एक झेंडा, वर गेला की सुटा, झालं. पर मी त्यालाबी तयार झालो हुतो, खोटं कशाला बोलू. फकस्त समृद्धीला इचारलं, आम्हाला त्या लांबच्या वळणावर उभं करणार हायती, तिथनं तुझं चाक दिसंल का? ती म्हणली, 'न्हाई आप्पा, ते वळण पार दुसऱ्या टोकाला. तिथनं आम्ही न्हाई दिसत.'

टाकला बिल्ल्याचा नाद सोडून! तिथल्या तिथं टाकला! दगडोबा लागला ओरडाया, 'आप्पाऽऽ काय करताय हे आप्पाऽऽ!' तो गेला आधीच एकटा केशरी डगल्यात, त्याला वाटतंय तिथं माईक देत्यात. मी सरळ तिकिटवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, 'सर, टर्न के सामने बैठिए, सब ओवरटेकिंग वहीं होता है.' म्हणलं, मेरेको नको वो. 'तो सर, जहाँ रेस स्टार्ट होती है?' म्हणलं, मेरेको चाक देखना है. 'सर?' चाक! लेफ्ट साइड का, पीछे का! मग मी इचारलं, गाडी आत आल्यावर तोंड कुणीकडं करून थांबती, डावं अंग कुणाच्या बाजूला येतं, मधी खांब हाय का, खांबाची जाडी किती... अर्धा तास. शेवटी त्यानं दिली बाबा दोन तिकिटं, बरुबर समोर, तिसऱ्या रांगंत, मधी खांब न्हाई.

हसताय काय मामा? पैज हाय ती! नावं ठेवायची तर नीट बघून नको ठेवाया? आन् बघायचं तरी काय... गाडी आत येणार दोनदा, दर खेपंला बारा सेकंद. म्हंजी चोवीस सेकंदांसाठी तीन दिवस, दोन तिकिटं, चाळीस धपाटी! काय? आमची बारी बी बारा सेकंदांचीच असती? ती... ती येगळी! ती येगळी म्हणलं ना! आमचा बैल खालनं निघतो आन् वर पोचतो. ह्यांची निघाली कुठनं? हितनं. पोचली कुठं?...

थांबा, थांबा. फोन. तिचाच हाय.

हां, बोल समृद्धी. व्हय, दौंडलाच. आई झोपलीया. काय? येऊ नका? का गं?... नट पडला? कवा? आजच्या तालमीत. बरं. हातातनं निसटला... मग? अठरा सेकंद लागली. हां. सायेब बोलला. काय बोलला?... सगळ्यांम्होरं? रडतीस व्हय तू?... मीच घरी येते म्हंजी? कोरेगावला व्हय म्हणून सांगा?

मामा! ऐकलं का! जिंकलो! न जाता जिंकलो की वो, बसल्या बाकावर!

हॅलो. हाय, हाय मी. ऐकतोय... बरं, मला एक सांग, किती म्हणलीस, अठरा? आन् रोज किती लागायचं? साडेअकरा? साडेअकरा सेकंदांत आख्खं चाक? कुणी लावलं घड्याळ? नीट लावलं हुतं ना?... आन् एका अठरावर रडतीस? आगं, आपला सर्ज्या बैल पहिल्याच बारीला घाटात मधी फतकल मारून बसला हुता, इसरलीस? माझ्या मांडीवर हुतीस तू, बटन दाबाया. आख्खा घाट हसला. इकला का मी त्याला? सांग ना, इकला का?... मग! नट पडल्यावर हुडकून, लावून, अठरात गाडी सोडली तू! दुसरं कोण असतं तर चाक कडंला ठेवून आईला हाक मारीत बसलं असतं! त्या सायबाला दे फोन. दे म्हणतो! त्यानं कधी लावलाय का नट, त्या घामाच्या हातानं?... ए, ऐक! येऊ नको! खबरदार घरी आलीस तर! आगं मी तिकिटं काढल्यात! तिसरी रांग, मधी खांब न्हाई!... हां. डोळं पूस. हाताला घाम येत आसंल तर आईनं पुडीत भंडारा घेतलाय, तो चोळ. जेवलीस का? जेव आधी... कोरेगाव? त्यांना मी सांगतो काय सांगायचं ते. ठेव आता. ठेव म्हणलं ना!

...

काय बघताय मामा? कळतंय, मला बी कळतंय. शर्यत रविवारी, आन् आज बिस्तरवारी हितं फलाटावरच हरलो मी.

उठल्या आमच्या कस्तुराबाई. 'काय म्हणली वो पोरगी?' काय न्हाई, नीज तू. 'मग एवढं वरडत का हुता?' वरडत न्हवतो, बोलत हुतो. 'आन् कोरेगाववाल्यांचा दोनदा फोन येऊन गेला माझ्याकडं, त्यांना काय सांगू?' सांग, पोरीला येळ न्हाई. 'किती दिवस?' आगं, साडेअकराची तिला अकरा करायची हायती, लागंल का न्हाई येळ!

बघा म्हंजी... तोंड वाकडं करायची तयारी करून निघालेला माणूस मी. घड्याळवाल्यानं कुणाची बाजू घ्यायची नसती, म्हणून तीस वरसांत कुठल्या गाड्याला टाळी दिलेली न्हाई. आता तिसऱ्या रांगंत बसून चार लोकांत टाळ्या वाजवाया लागणार, आन् दोन्ही हात कुठं न्यायचं ते बी मला ठाव न्हाई... वाजवू. काय करता!