मेलेल्या माणसाचं भाषण

दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक म्हातारा नट आणि त्याची नात बोलत होते.

“आजोबा, जीवनगौरव मिळतोय. स्टेजवर दोन शब्द बोलावेच लागतील.”

“जन्मभर सिनेमात प्रेतंच केली गं. एक वाक्य दिलं नाही मेल्यांनी, आणि आता म्हणतात, बोला!”

“मग येत नाही म्हणून कळवू?”

“थांब. हे चालेल का बघ.”

म्हाताऱ्याची मान कलली, हात घरंगळला. छातीसुद्धा हलेना.

“अहो कंपाउंडर, धावा!” शिंपीणबाई ओरडल्या.

कंपाउंडरने मनगट धरलं. “नाडी चालू आहे की!”

“तेवढी मात्र थांबवता येत नाही,” म्हातारा डोळे मिटूनच पुटपुटला.

शिंपीणबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग नातीला हळूच म्हणाल्या, “कळव गं त्यांना. आजोबा येतायत.”