पठारावरचा शून्य वारा

तुम्हाला पटायचं नाही राव, पण शिनोलीच्या वरच्या पठारावर वारा मोजायचा खांब आम्हीच उभारला होता. पवनचक्क्या चालतील का, याचं गणित मांडायचं होतं. पण आलेख जुळेना, कारण रोज भर दुपारी वेग शून्य यायचा.

यंत्र बघायला जुन्नरचा सलीम भर दुपारीच खांबावर चढला. खाली माझी टोपी उडत होती, वर यंत्राच्या वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्या मात्र गप्प. अचानक सलीम खांबाला अडकवलेला कमरेचा पट्टा सोडायला लागला.

मी ओरडलो, “अरे, पट्टा लाव!”

तो खाली उतरला. “भाऊ, आत्ता तुमीच कानाशी म्हणला ना, वारा नाय, पट्टा सोड?”

आलेखातून आम्ही दुपार वगळली. खांब अजून तिथंच आहे. काढायला वर चढणार कोण?