दादाचं शेवटचं गाणं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संगीतकार, वादक आणि रेकॉर्ड कंपनीचे अधिकारी, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते आपले रेकॉर्डिस्ट काका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या काकू, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी. ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांना माझा जरा जास्त नमस्कार, कारण माझी नेहमीची जागा तिथेच असते.

मला पाच मिनिटं दिली आहेत. इथे येताना सूत्रसंचालक ताई कानात म्हणाल्या, "लवकर आटपा हं, दादा थांबलेत." दादा म्हणजे तुमचे लाडके गायक, माझा सख्खा मोठा भाऊ. त्याला जाऊन चार वर्षं झाली. आता मला सांगा, गेलेला भाऊ खोळंबलाय म्हणून भाषण आवरतं घ्यायची वेळ किती जणांवर येते?

असो. आजचा विषय काका आहेत.

काका चौतीस वर्षं स्टुडिओत त्या काचेमागे बसले. त्यांचे कान कसे, तर एकदा वीस वादक वाजवत असताना त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं. म्हणाले, कुणाचंतरी घड्याळ टिकटिकतंय. वीसच्या वीस जणांनी घड्याळं काढून बाहेर टेबलावर ठेवली. परत वाजवायला घेतलं, तरी टिकटिक चालूच. शेवटी काकूंनी दिलेलं नवीन घड्याळ काकांच्याच मनगटावर सापडलं. काकू, तुम्ही हसताय, पण त्या दिवशी कुणाची हसायची हिंमत नव्हती.

काकांची एक सवय होती. स्टुडिओ ज्याच्या नावाने घेतलेला असेल त्याचं नाव डिस्कवर स्केचपेनने घालायचं, बस. आत कोण गायलं, कोण खोकलं, हे कुठेही लिहायचं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "मी आहे ना." आणि ते असायचेच. फक्त एकदा नव्हते. मुलीच्या बाळंतपणाला गेले होते.

आता हे सांगितलं तर डमी म्हणजे काय तेही सांगावं लागेल. मुख्य गायकाला यायला उशीर असेल तर वादकांना अंदाज यावा म्हणून कुणीतरी ते गाणं गाऊन ठेवतं. त्याला आमच्याकडे डमी म्हणतात. गायक आला, गायला, की डमी काढून टाकायची. दादाच्या डमी मी गायचो. म्हणजे गावात असलो तर. सहा महिने ट्रकवर, चार महिने लिफ्टदुरुस्तीत, मग एका जहाजावर भांडी, असं माझं चालायचं. लिफ्टमध्ये एकदा एक वकीलसाहेब अडकले होते, त्यांनी आतूनच मला... नाही, ते नको. ताई घड्याळ बघतायत.

गळा आमचा एकाच घरातला. फोनवर आई मला दादा समजून वीस वीस मिनिटं बोलायची. मी आहे हे कळलं की म्हणायची, "तू होय. बरं, त्याला दे." आई, मी तक्रार करत नाहीये. मी फक्त सांगतोय.

तर दादा गेला. कंपनीची माणसं स्टुडिओत आली आणि दादाचं नाव असलेल्या सगळ्या डिस्का घेऊन गेली. काका रजेवर. एका डिस्कवर त्यांना एक गाणं सापडलं, कुठेही न वाजलेलं. ते त्यांनी 'अखेरचं गाणं' म्हणून बाजारात आणलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ते कुठे वाजलं नाही?

मी ते पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये ऐकलं. ट्रकचं चाक काढून खाली बसलो होतो. निवेदिका म्हणाली, दादाचं शेवटचं गाणं. मी ऐकलं आणि हातातला पाना खाली आपटला. दुःखाने नाही. खोटं कशाला बोलू? माझ्या मनात आलं, जाता जाताही हा मला मागे टाकून गेला. इतकं मोकळं तो कधी गायला होता? एवढं साधं, एवढं सरळ? गॅरेजवाल्याने डोळे पुसले आणि मी त्याच्यावरच चिडलो.

आणि मग दुसऱ्या कडव्यानंतर 'ठक' असा आवाज आला.

तो आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकला आहे. त्यावर लेख आलेत. एका समीक्षकांनी लिहिलं की तिथे दादाच्या काळजाचा ठोका ऐकू येतो. ते आज सभागृहात आहेत असं समजतं, त्यांची क्षमा मागून सांगतो. ते काळीज नाही, माझा गुडघा आहे. गाताना माझा पाय हलतो आणि गुडघा माइकच्या स्टँडला लागतो. त्यावरून काकांनी मला किती वेळा झापलं असेल, विचारा त्यांना.

बसा, कंपनीवाले साहेब, बसा. कुणावर दावा लावत नाहीये मी.

खरं म्हणजे हे बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो. चार वर्षं बोललो नाही. काकाही बोलले नाहीत, कारण ते परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आई स्टुडिओत गेली होती. त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाली होती, तुमच्यामुळे माझ्या मुलाचा आवाज राहिला. त्यानंतर माणूस काय बोलणार? चूक त्यांच्या सवयीची होती, आणि त्या हातांतून सोडवून घ्यायला त्यांना जमलं नाही.

पण मला एक कळत नाही. जिवंत माणसाशी स्पर्धा करता येते हो. तो कधीतरी थकतो, त्याचा गळा बसतो, पोट सुटतं. दादा जिवंतपणी एकदाही वेळेवर आला नाही. आता सातचा कार्यक्रम म्हणजे सातला हजर. सर्दी नाही, मानापमान नाही. मागे हा जो पातळ पडदा लावलाय ना, त्यावर उजेडाचा दादा येतो आणि लोक उभे राहतात. संगणकाने जुळवलेल्या आवाजात वर्षाला दोन नवी गाणी येतात त्याची. माझं एक येत नाही. त्या उजेडाला अंग हवं होतं म्हणून कंपनीने मलाच बोलावलं, खांदे सारखे आहेत म्हणून. मी उभा राहिलो, गायचा अभिनय केला, वर त्यांनी दादाचा चेहरा बसवला. दिग्दर्शक मला सांगत होते, "मान थोडी खाली. दादा हे गाणं असं गाणार नाहीत." माझंच गाणं, मंडळी. मी मान खाली घातली.

गेल्या आठवड्यात काकांनी मला बोलावलं. म्हणाले, "आता मी नसणार तिथे. माझ्या उत्तराच्या भाषणात खरं सांगून टाकतो." मी म्हटलं, नको, आई येणार आहे. काका म्हणाले, मग तू ठरव. मी ठरवलं होतं. पण इथे उभा राहिलो आणि कुणीतरी म्हणालं, दादा थांबलेत. माझ्याच्याने राहवलं नाही.

तर झालं सांगून. आई, ते गाणं मी म्हटलंय. तू रोज सकाळी लावतेस ते.

काय म्हणालीस?

मागच्या मंडळींना ऐकू आलं नसेल. आई विचारतेय, "मग त्याचं शेवटचं कुठलं?"

बघा. माझं गाणं चार वर्षांनी माझं झालं, आणि माझं म्हणून त्याला एक मिनिटसुद्धा मिळालं नाही.

आई, मला माहीत आहे कुठलं. काकांनी सांगितलंय. त्याच डिस्कवर, त्याच दिवशीचं. दुपारी मी डमी गाऊन गेलो. चारला दादा आला, अंगात ताप घेऊन. घसा बसलेला. तेच गाणं, दोनच ओळी म्हटल्या. दुसरी अर्ध्यात सुटली. काकांना म्हणाला, उद्या बघू. तो ताप उतरलाच नाही. कंपनीच्या माणसांना डिस्कवर दोन आवाज मिळाले, एक चांगला आणि एक फाटका. चांगला तो दादाचा धरला, आणि फाटका तो डमी म्हणून बाजूला टाकला. हे ऐकलं तेव्हा मला आनंद झाला होता. घरी जाईपर्यंत टिकला.

अध्यक्ष महोदय, कार्यक्रमपत्रिकेत बदल करायचा मला अधिकार नाही, तरी विनंती करतो. आज त्या पडद्यावर दादाला आणू नका. दिवेही घालवू नका. काका, डिस्क कंपनीने नेली तरी मूळ फाइल तुमच्याकडे आहे. तुमच्या हातचं शेवटचं काम म्हणून त्या दोन ओळी लावा. साफ करू नका, खोकल्यासकट लावा.

काका, काकू, आपल्या पुढच्या दिवसांना माझ्या मनापासून शुभेच्छा. बोलायची संधी दिलीत, उभ्या असलेल्यांनीही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. पाच मिनिटांची किती झाली ते ताईंनी मोजलंच असेल, त्याची क्षमा असावी. अजून एका गोष्टीची आधीच मागून ठेवतो. त्या दोन ओळी बेसूर आहेत, मी ऐकल्यात. माझ्या गाण्याला तुम्ही टाळ्या दिल्यात, पण या दोन ओळींना आई रडेल, आणि तिच्याकडे बघून तुम्हीही. मी इथेच उभा असेन, आणि मला त्याचा फार राग येईल. तेवढं पोटात घाला.

लावा, काका.