खटक्यावरचा हात

ताई – वाच. मोठ्याने वाच. चौथी ओळ.

छोट्या – हा फॉर्म तुझ्याकडे कसा आला?

ताई – 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं' तिथे माझा नंबर घातलायस, म्हणून त्या काढ्याच्या केंद्रावरून आला. वाच म्हणते ना!

छोट्या – 'सध्या कोणतंही औषध चालू नाही.'

ताई – आणि सोमवारी माझ्या काउंटरवरून गोळ्यांची पट्टी कोण घेऊन गेलं? तुझं भूत?

छोट्या – ताई, सव्वाबाराची बस आहे माझी. बॅग भरू दे.

ताई – भर की. मी कुठे हात धरलाय? फक्त दारातून हलणार नाही. भर सकाळी औषधांचं दुकान बंद करून आलेय, उगीच नाही आले.

छोट्या – हे बघ, मी बंद केल्या होत्या गोळ्या. काढा घ्यायच्या तीन आठवडे आधी बंद करायला सांगतात केंद्रवाले. सहाव्या दिवशी डोक्यात विजेचे चटके बसायला लागले. कामावर शिडी चढताना पाय कापायचे. लिफ्टच्या कामात असं चालतं का? मग परत सुरू केल्या.

ताई – डॉक्टरांना विचारून?

छोट्या – नाही.

ताई – बंद केल्यास, त्या तरी विचारून?

छोट्या – नाही म्हटलं ना.

ताई – आणि लिहिलंस, औषध चालू नाही. छोट्या, ही गोळी पोटात असताना तो काढा गेला ना, तर अंग तापतं, झटके येतात. माणूस दगावतो. हे मी बहीण म्हणून नाही, दुकानात बसणारी बाई म्हणून सांगतेय.

छोट्या – बहीण म्हणून काय सांगतेस मग? डोळे मिटून बस? श्वासाकडे बघ?

ताई – मी तो विषयसुद्धा काढला नाही.

छोट्या – आज नाही काढलास. गेल्या वर्षी रोज काढायचीस. आठ महिने बसलो मी, ताई. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. तुला सांगायचो, छान वाटतं. काय छान वाटायचं माहितीय? श्वास आत, श्वास बाहेर, आणि तिसऱ्या-चौथ्या श्वासाला तो माझा राहायचाच नाही. उस्तादचा व्हायचा, ज्याच्या हाताखाली मी लिफ्टचं काम शिकलो त्याचा. खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर तो असाच नाकाने जोरात श्वास घ्यायचा. मी वरच्या मशीनच्या खोलीत असलो तरी ऐकू यायचा मला.

ताई – हे कधी बोलला नाहीस.

छोट्या – तुझा चेहरा असा काही उजळायचा! भाऊ लागला म्हणे मार्गाला. कसं बोलणार?

ताई – मला वाटलं, शांत झालास.

छोट्या – गप्प झालो होतो.

(ताई दारात आणखी आडवी होते.)

छोट्या – आता बाजूला हो.

ताई – नाही.

छोट्या – अकरा वर्षं बसतेस तू. काय मिळालं तुला? खरं सांग. एकदा तरी प्रकाश दिसला? देव, आई, कुणी? कामावरचा वेल्डर जाऊन आला तिकडे. एका घोटात त्याला मेलेला बाप दिसला, बोलला त्याच्याशी. रडून मोकळा झाला तो माणूस. आणि तू अकरा वर्षं चटईवर.

ताई – काही मिळालं नाही. गुडघे गेले. गिऱ्हाईक अंगावर आलं तर पूर्वी लगेच ओरडायचे, आता एक श्वास थांबून ओरडते.

छोट्या – हसवू नकोस मला.

ताई – हसवत नाहीये. ऐक. दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेले होते ना, ज्याचं घरात इतकं कौतुक झालं? आठव्या दिवशी मी तिथून पळून आले. भिंती जवळ यायला लागल्या होत्या. आपलेच हात आपले वाटेनात. दोन दिवस स्टेशनाजवळच्या लॉजवर राहिले आणि अकराव्या दिवशी हसत घरी आले. तुझ्या भावजींनासुद्धा ठाऊक नाही.

छोट्या – आणि तरी मला बसवलंस?

ताई – हो. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. वीस मिनिटांनी कुणाचं काय बिघडणार? डोळे मिटले की तुझ्यापुढे कोण येतं, ते आधी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ती चूक माझी.

छोट्या – मग कशाच्या जोरावर अडवतेस?

ताई – एकदा चुकले म्हणून. त्यांना फोन लाव.

छोट्या – कुणाला?

ताई – केंद्रावर. माझ्यासमोर सांग, गोळी चालू आहे. तिथल्या बाई 'या' म्हणाल्या, तर मी स्वतः बसपर्यंत बॅग उचलते.

छोट्या – नाहीच म्हणणार त्या.

ताई – म्हणजे ठाऊक आहे तुला.

(छोट्या बॅगेची चेन लावतो.)

ताई – मी लावते. स्पीकरवर टाकते. तोंड उघडायचं की नाही, ते तू ठरव.

(फोनची रिंग बराच वेळ वाजते.)

केंद्रावरच्या बाई – हं, बोला.

ताई – तुम्ही मला सकाळी एक फॉर्म पाठवलात. आजच्या बसने येणाऱ्याचा. मी त्याची मोठी बहीण.

बाई – हो, बघितला तुम्ही? सगळं बरोबर आहे ना?

ताई – तो इथेच आहे. तोच सांगेल.

बाई – ऐकतेय.

छोट्या – मी… चौथी ओळ खोटी आहे. गोळी चालू आहे. मनाची. कालही घेतली.

बाई – नाव सांगा गोळीचं. नाहीतर असू दे, मनाची कुठलीही गोळी असली तरी उत्तर तेच. येऊ नका.

छोट्या – दोन दिवस नुसता राहतो. बघतो सगळं. मग ठरवू.

बाई – आलात तर फाटकातून परत पाठवीन. राग मानू नका. तुमच्यासारखा एकजण खोटं लिहून आला होता. आम्ही त्याला डोंगर उतरवून रात्रभर गाडी हाणत दवाखान्यात नेलं. वाचला. तेव्हापासून मी घरच्यांना फॉर्म पाठवते.

छोट्या – फार दिवसांपासून ठरवून ठेवलं होतं हो मी.

बाई – कशासाठी यायचं होतं? सांगायचं असेल तर सांगा.

छोट्या – एक गोष्ट आठवायची होती.

बाई – अहो, इथे आठवत नाही माणसांना. दिसतं. आणि जे दिसलं ते तसंच घडलं होतं, असं मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही.

छोट्या – पण खरं वाटतं ना?

बाई – फार खरं वाटतं. तोच तर घोळ आहे. डॉक्टरांना भेटा. आणि गोळी मनाने बंद करू नका, इथे यायचं म्हणून तर मुळीच नको. ठेवते.

ताई – पाणी देऊ?

छोट्या – बस गेली तरी चालेल आता तुला. दारातून हल, बस कुठेतरी.

ताई – काय आठवायचं होतं?

छोट्या – तुला माहितीय.

ताई – मला चौकशीत आलं ते माहितीय. मशीनचा खटका जुना होता, आपोआप सरकला, लिफ्ट खाली आली, उस्ताद गेला. तुझी चूक नाही, असं लिहून आलं.

छोट्या – चौकशीवाले तिथे नव्हते. मी होतो. उस्ताद खाली खड्ड्यात, मी वर मशीनपाशी. माझा हात खटक्यावर होता. इतकं आठवतं. थंडगार होता खटका. मग खालून आवाज आला. 'चालू कर' म्हणाला, का 'चालू करू नको' म्हणाला, का नुसता खोकला… आणि मग खटका वर होता, लिफ्ट चालू. मधलं नाहीच. मी केला, का तो सरकला? दोन वर्षं झाली, ताई. मधलं नाही.

ताई – म्हणून काढा.

छोट्या – वेल्डरला दिसलं तसं मला दिसलं असतं. मी केला असता, तर केला म्हणालो असतो. पोलिसांकडे गेलो असतो.

ताई – आणि काढ्यानं दाखवलं असतं की तू केलास, आणि केला नसतास तर?

छोट्या – निदान कळलं तरी असतं.

ताई – कळलं नसतं, छोट्या. वाटलं असतं. आत्ताच बाई काय म्हणाल्या?

छोट्या – मग काय करू? तुझी चटई नको, त्यांचा काढा नको. असाच मरू?

ताई – वहिनींना काय सांगितलंस?

छोट्या – उस्तादच्या? त्यांनी विचारलं होतं. चौदाव्या दिवशी. 'तू तिथे होतास, नक्की काय झालं?' मी म्हटलं, खटका खराब होता.

ताई – नक्की?

छोट्या – 'नक्की' म्हणालो. त्यांनी हात जोडले मला. त्यानंतर मी त्या गल्लीत पाऊल ठेवलं नाही. परवा बाजारात दिसल्या, तर मी भलत्याच दुकानात शिरलो. बायकांच्या कपड्यांच्या.

ताई – त्यांना माहीत नसलेलं काहीतरी तुझ्याकडे आहे.

छोट्या – काय? मला माहीत नाही, हेच ना! दोन वर्षांनी दारात उभं राहून हे सांगायचं? त्या थोबाडीत मारतील.

ताई – मारतील कदाचित. कंपनीला कळवतील. तुझं काम जाईल. मी काही गोड बोलून पाठवत नाही तुला.

छोट्या – तू येशील?

ताई – गल्लीच्या तोंडापर्यंत. आत तू एकटा. आणि उद्या डॉक्टरकडे दोघं.

छोट्या – दुकान?

ताई – बंदच आहे.

छोट्या – नंबर आहे माझ्याकडे. तो बदललाही असेल… वाजतोय. ताई, वाजतोय.

ताई – मी बाहेर थांबते.

छोट्या – नको, थांब इथेच. हॅलो, वहिनी? मी बोलतोय, छोट्या. हो, मीच… नाही, काही झालं नाही. म्हणजे, त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. मी तुम्हाला 'नक्की' म्हणालो होतो ना, ते… नाही, फोनवर नको. आज येऊ का? आत्ता निघतो… बरं. बरं, वहिनी. ठेवतो.

ताई – काय म्हणाल्या?

छोट्या – म्हणाल्या, जेवून येऊ नकोस.