न विसळलेला कप

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या निवृत्त कोर्ट कारकुनाशेजारी दोन जावा बसल्या होत्या. थोरलीच्या हातात रहस्यकथेचं पुस्तक, धाकटीच्या हातात थर्मासातला चहा.

"कसलं हसताय, जाऊबाई?"

"अगं, खून करणारी कोण, तर शिवणाच्या बाई! विष पाजलं आणि सवयीनं कप विसळून ठेवला. वकील विचारतो, मयतानं मरता मरता भांडी घासली का?"

कारकुनालाही हसू फुटलं.

"मग काय करायचं तिनं?"

"कप तसाच ठेवायचा. भाऊजी गेले तेव्हा त्यांचा कसा, खिडकीत उष्टाच होता."

"हे गेले त्या दिवशी तर तुम्ही माहेरी होतात ना?"

कारकुनाचं हसू विरलं.

थोरलीनं पान उलटलं. "नंबर येईल तुझा. चहा संपव आधी."