राघोदादांनी सोडलेल्या गाड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कारखान्याचे मालक माननीय हिरामणशेठ, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते लूमची देखभाल करणारे आमचे जॉबर राघोदादा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या जाईवहिनी, मंचावरील मान्यवर, आणि शिफ्टमधून तासाभराची सवड काढून आलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो,

मी दौलत. बारा वर्षं याच कारखान्यात कापडाचे लूम चालवतो. लूमच्या खडखडाटात आमचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांनीच होतं. तेव्हा मध्येच माझा हात हलला, तर त्याला वक्तृत्व समजू नका.

आधीच्या वक्त्यांनी दादांच्या हाताचं कौतुक केलं. नुसत्या आवाजावरून लूमचा बिघाड ओळखून दुरुस्त करणारा हात! खरंच आहे. पण त्याच हातानं सत्याऐंशी साली मला जागरणाची पहिली गोळी दिली, हे कोणी बोललं नाही. बोलणार कसं? ते आम्हालाच ठाऊक. परवा मी दादांची परवानगी मागितली. म्हणाले, "बोल. पन माजा नाव लपवू नको."

तेव्हा माझी बायको हौसा बाळंतपणाला खारबावला माहेरी गेली होती. मी डबल ड्युटी करायचो आणि उभ्या उभ्या पेंगायचो. दादा म्हणाले, "ही घे. झोप उडंल. मी पन घेतो." त्यांनी ती मायेनंच दिली, यात मला आजही शंका नाही.

खोटं कशाला सांगू? फार सुख होतं त्यात. अंग पिसासारखं हलकं. भूक नाही, थकवा नाही, मनात कसली धास्ती नाही. सहा लूम एकटा सांभाळायचो आणि वाटायचं, अजून सहा द्या. हिरामणशेठ, त्याच महिन्यांत तुम्ही सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होतीत. तुम्हाला काय कल्पना?

एका गोळीच्या चार झाल्या. लूमच्या आवाजात मला माणसं कुजबुजताना ऐकू यायची. हौसा लेकीला घेऊन परतली. मी पोरीला उचललं, तर हात थरथरायचा थांबेना. हौसानं तिला काढून घेतलं. म्हणाली, "ह्या हातांत न्हाय देनार." आणि त्याच दिवशी ती खारबावला निघून गेली.

मी दादांना सांगितलं. त्यांनी स्वतःचे हात पुढे धरून पाहिले. तेही थरथरत होते. "दोघांनी सोडू," ते म्हणाले. "एकट्याला न्हाय जमायचा."

त्यांनी दोघांची रजा टाकून मला वळ गावी आपल्या घरी नेलं. पहिले तीन दिवस आम्ही दोघंही नुसते झोपलो. जाईवहिनी उठवून पेज पाजायच्या. पुढचं अवघड होतं. अंगाला काही दुखत नव्हतं, पण कशातच जीव लागत नव्हता. समोर कोलंबीचं कालवण आणि जिभेला चव नाही. लेकीची आठवण काढायला बसायचो आणि आठवायची ती गोळी! माणसाचं मन इतकं हलकट असू शकतं, मंडळी?

नवव्या दिवशी दुपारी मी उठलो आणि चालू लागलो. दादा मागून आले.

"कुठं?"

"भिवंडीला. गोळी आणायला."

"चल. मी पन येतो."

गावाजवळच्या मानकोली नाक्यावर भिवंडीची एसटी आली. मी पाय उचलला. दादा म्हणाले, "जीव मागतोय?"

"फार."

"माजा पन. ही गाडी जाऊ दे, पुढची पकडू."

पुढची आली. तीही जाऊ दिली. असं करत ऊन कललं, ओढ थोडी सैल झाली आणि आम्ही घरी परतलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक्यावर. पुढे पावणेदोन महिने रोज दुपारी आम्ही भिवंडीला निघायचो आणि भिवंडीला पोचायचो नाही.

मग मी खारबावला गेलो. हौसानं उंबऱ्यातच थांबवलं. "हात दाखवा." मी दाखवले. बराच वेळ तिनं पाहिलं, मग आत जाऊन पोरीला घेऊन आली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण नऊ वर्षं झाली, आणि ते हलकं अंग मला अजून आठवतं. आज मी चारच लूम चालवतो. कधी कधी काम करता करता ती ओढ परत येते. लाजेनं हे कोणाला सांगितलं नाही. गेल्या महिन्यात दादांना विचारलं, "तुम्हाला अजून आठवण येते?"

दादा म्हणाले, "रोज."

त्या एका शब्दानं मला जेवढा धीर दिला, तेवढा कुठल्या औषधानंही दिला नसता. आता दादा वळ गावी कायमचे निघाले. असं विचारायला मला इथं कोणी उरलं नाही. म्हणून सांगतो, या सभागृहात कोणाला आज तीच ओढ छळत असेल, तर मी कारखान्यात खिडकीकडच्या लूमच्या रांगेत असतो. उपदेश करणार नाही. नुसता शेजारी बसेन.

हिरामणशेठ, मालकांसमोर बोलू नये ते बोललो. जाईवहिनी, तुमच्या घरातलं चारचौघांत आणलं. दोघांनीही मोठं मन करून सांभाळून घ्यावं. राघोदादांचे आभार मानायला उभा राहिलो होतो. ते कसे मानावेत, हे मला अजूनही सुचलेलं नाही. तेवढी उणीव पोटात घालावी आणि मला खाली बसू द्यावं.